गच्चीवरची हळद: गड्डा लावण्यापासून हळकुंड वाळेपर्यंतच्या नोंदी

२० एप्रिल. बेणं

जात सेलम. पक्व व्हायला साडेआठ ते नऊ महिने घेते. पानं रुंद, हळकुंडं जाड, आणि उकडून वाळवल्यावर ओल्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा हातात राहतो. घरच्या लागवडीला कमी मुदतीची जातही चालते. पण गच्चीवर जागा आहे आणि घाई नाही, तेव्हा सेलमच बरी.

बेण्यासाठी, म्हणजे लागवडीच्या बियाण्यासाठी, जेठे (मधले मुख्य) गड्डे निवडले. प्रत्येकाचं वजन ५० ग्रॅमच्या वर, डोळे फुगलेले, साल ताठ. बगल गड्डे (मुख्य गड्ड्याच्या बाजूचे) ४० ग्रॅमच्या पुढे असतील तर चालतात. हळकुंडं लावायची तर ती किमान ३० ग्रॅमची हवीत. बेणं लहान असलं की फुटवा बारीक येतो आणि पहिले दोन महिने रोप रेंगाळतं. गड्डा हा पहिल्या दिवसांतला रोपाचा शिधा आहे, त्यात काटकसर करू नये.

एकूण १८ गड्डे, वजन साधारण १ किलो. दाबून मऊ लागणारे, कापल्यावर आत तपकिरी वलय दिसणारे आणि भोकं पडलेले बाजूला काढले. फेब्रुवारीत काढलेला गड्डा लगेच लावला तर नीट उगवत नाही, त्याला दोन-अडीच महिने सुप्तावस्थेत काढावे लागतात. तेवढा काळ तो सावलीत, हवेशीर जागी, कोरड्या पाल्याखाली ठेवायचा. बंद डब्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं बेणं घाम सुटून कुजतं.

२६ एप्रिल. खत मुरवणं

पूर्ण कुजलेलं शेणखत ६० किलो. त्यात ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पावडर ५०० ग्रॅम मिसळली, मूठ दाबल्यावर गोळा होईल पण पाणी गळणार नाही इतकी ओल दिली, आणि ओल्या गोणपाटाखाली सावलीत ढीग ठेवला. दर चार दिवसांनी खालीवर करायचा. पंधरा-सोळा दिवसांत बुरशी खतभर पसरते. अर्धवट कुजलेलं खत अजिबात घेऊ नये. ते बॅगेत तापतं, कोंब भाजतात, आणि मुळं खाणाऱ्या हुमणी किडीची अंडी-अळ्या बहुतेक वेळा त्याच वाटेने येतात.

१२ मे. बॅगा भरल्या

ग्रो बॅग १५ बाय १५ इंचाच्या, नग १२. मिश्रणाचं प्रमाण घमेल्याने मोजलं: पोयट्याची माती ४, मुरवलेलं शेणखत ३, धुतलेलं कोकोपीट २, जाड वाळू १. शिवाय प्रत्येक बॅगेला १०० ग्रॅम निंबोळी पेंड. नुसती काळी माती बॅगेत भरू नये, पावसाळ्यात ती चिकटून बसते आणि मुळांना हवा मिळत नाही.

बॅग काठोकाठ भरायची नाही, हे सर्वात महत्त्वाचं. तळापासून २५ सेंटीमीटर भरून वरचे १२-१३ सेंटीमीटर रिकामे सोडले. ऑगस्टमध्ये भरणीची, म्हणजे बुंध्याशी नव्याने चढवायची, माती तिथेच बसणार आहे. हळदीचे कंद मातीत आडवे आणि वरच्या दिशेने वाढतात, उघडे पडले की हिरवे होतात, बारीक राहतात आणि कंदमाशीला आयती जागा मिळते. पहिल्याच दिवशी काठापर्यंत भरलेल्या बॅगेत पुढे भरणी करायला वाव उरत नाही.

भोकं: तळाला सहा, आणि बाजूला तळापासून दोन बोटं वर आणखी चार, प्रत्येक करंगळी जाईल इतकं. बाजूची भोकं यासाठी की तळ गच्चीला चिकटला तरी पाणी निघतं. बॅगा विटांवर ठेवल्या. भिजलेली बॅग ४५ किलोच्या आसपास भरते. म्हणून स्लॅबच्या मध्यभागी गर्दी न करता त्या भिंतीच्या आणि तुळईच्या रेषेत मांडल्या. सकाळचं पाच-सहा तास ऊन, दुपारी टाकीची सावली. हळदीला अर्धवट सावली सोसते.

१४ मे. लागवड

ट्रायकोडर्मा १० ग्रॅम एक लिटर पाण्यात कालवून गड्डे त्यात अर्धा तास बुडवले, मग सावलीत सुकवले. रासायनिक बुरशीनाशकाची बेणेप्रक्रिया करायची असेल तर ती आधी करावी, गड्डे सुकवावेत आणि जैविक प्रक्रिया दोन-तीन दिवसांनी वेगळी करावी. दोन्ही एकाच पाण्यात कालवली की जैविक बुरशी मरते आणि पैसे वाया जातात.

सहा बॅगांत एकेक गड्डा मधोमध, सहा बॅगांत दोन-दोन गड्डे, त्यांच्यात एक वीत अंतर. एका बॅगेत किती लावावे याचं उत्तर काढणीला वजनकाट्यावर मिळेल. खोली पाच-सहा सेंटीमीटर, डोळे वर. त्याहून खोल गेलं की उगवण लांबते, वर राहिलं की गड्डा उन्हात सुकतो. वर चार बोटं वाळका पालापाचोळा पसरला.

पाणी बॅगेला एक ते दीड लिटर, दोन दिवसांआड. उगवणीपर्यंत ओल हवी, चिखल नको.

३ जून

आठ बॅगांत कोंब दिसले. सुरळीसारखा टोकदार, फिकट हिरवा. उगवणीला ३० ते ३५ अंश तापमान मानवतं, म्हणून मे अखेरची उष्णता इथे उपयोगाची. न उगवलेल्या बॅगा उकरून बघू नयेत. डोळा फुटत असतानाच तो मोडतो.

११ जून

सगळीकडे उगवण. पहिला मोठा पाऊस झाला. एकूण एक बॅगेखालून पाणी वाहतंय का ते बघितलं. बॅग क्रमांक ९ मधून पाणी उशिरा निघतं. बाजूच्या भोकांतून सळई फिरवली.

२९ जून. पहिलं वरखत

लागवडीनंतर सहा आठवड्यांनी नत्राचा पहिला हप्ता. प्रत्येक बॅगेला गांडूळखत २५० ग्रॅम आणि निंबोळी पेंड ५० ग्रॅम. रोपाच्या बुंध्याशी न टाकता बॅगेच्या कडेने गोल पसरून हलक्या हाताने मातीत मिसळलं. तण उपटलं. खुरपं खोल चालवायचं नाही, मुळं वरच्या थरात असतात.

शेतातली शिफारस हेक्टरी २०० किलो नत्र, १०० किलो स्फुरद, १०० किलो पालाश अशी आहे. ती वाचून बॅगेत मूठभर युरिया टाकण्याचा मोह अनेकांना होतो. दर रोपाला भागून पाहिलं तर पूर्ण हंगामात नत्र दोन-अडीच ग्रॅमच येतं, म्हणजे जेमतेम चमचाभर युरिया आणि तोही हप्त्याहप्त्याने. जास्त नत्राने पानं माजतात, कंद मागे राहतो आणि करपा (पानांवरच्या ठिपक्यांचा रोग) लवकर येतो.

१७ जुलै. पिवळी पानं

तीन बॅगांत नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. ही लोहाची कमतरता आहे. नत्र कमी पडलं तर आधी जुनी, खालची पानं एकसारखी पिवळी पडतात. लोह कमी पडलं तर वरचं नवं पान शिरांच्या मधे पिवळं होतं. चुनखडीच्या मातीत आणि सतत भिजलेल्या मुळांना लोह घेता येत नाही. मातीत लोह असतं, पण अडकून पडतं.

हिराकस (लोहाचा क्षार) ५ ग्रॅम, पाणी १ लिटर, अर्ध्या लिंबाचा रस. द्रावण ताजं करून संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारलं. तयार द्रावण ठेवून दिलं की तांबूस गढूळ होतं आणि काम करत नाही. दहा दिवसांनी पुन्हा एक फवारणी. जुनं पिवळं पान हिरवं होत नाही. पुढचं पान कोणत्या रंगाचं निघतं ते बघायचं.

२८ जुलै

नवी पानं हिरवी आली. प्रत्येक रोपाला दोन-तीन फुटवे.

६ ऑगस्ट. भरणी

पावसाने माती खाली बसली आहे आणि दोन-तीन बॅगांत कंदाचं गुलाबी-पांढरं टोक वर डोकावतंय. भरणीची हीच वेळ. अडीच-पावणेतीन महिन्यांचं रोप, कंद सुटायला सुरुवात.

माती आणि गांडूळखत निम्मेनिम्मे, त्यात बॅगेमागे ५० ग्रॅम निंबोळी पेंड. बुंध्याभोवती सात-आठ सेंटीमीटरचा थर दिला आणि हाताने हलकं दाबलं. थर बुंध्याकडे उंच, कडेला उतरता ठेवला, म्हणजे पाणी खोडाशी साचत नाही. एका वेळी पूर्ण १२ सेंटीमीटर भरलं नाही. उरलेली माती सप्टेंबरमध्ये. जाड थर एकदम दिला तर खालचा कोवळा बुंधा कोंडतो.

चुलीची राख बॅगेला दोन चमचे, पालाशसाठी. राख आणि युरिया एका वेळी कधीच नाही, अमोनिया उडून जातो. चुनखडीची माती असेल तर राखही टाळावी, लोहाची तक्रार वाढते.

१४ ऑगस्ट. कंदमाशी

बॅगांवर लांब पायांची, काळसर, पारदर्शक पंखांवर राखाडी ठिपके असलेली माशी फिरताना दिसली. डासापेक्षा मोठी. ती उघड्या कंदाजवळ किंवा खोडाच्या बुडाशी अंडी घालते. अळी कंदात शिरते, आणि तिने केलेल्या वाटेने बुरशी आत जाते. पुष्कळदा कंदकूज म्हणून जे दिसतं त्याची सुरुवात अळीपासून झालेली असते.

आमिष: एरंडीचं बी ५० ग्रॅम भरड कुटून एक-दीड लिटर पाण्यात, रुंद तोंडाच्या मातीच्या भांड्यात. आठ-दहा दिवसांत वास सुटतो, माश्या त्याकडे ओढल्या जातात आणि पाण्यात पडून मरतात. वास खरोखर उग्र असतो, भांडं गच्चीच्या दूरच्या कोपऱ्यात ठेवावं. पाणी आटलं की भर घालायची, मेलेल्या माश्या काढायच्या.

खरं संरक्षण मात्र मातीचं. कंद झाकलेला असेल तर माशीला अंडी घालायला जागाच मिळत नाही. जिथे टोक दिसलं तिथे मूठभर माती घातली.

२२ ऑगस्ट. बॅग क्रमांक ९

पानांचे शेंडे आणि कडा पिवळ्या, नंतर वाळत खाली. खोडाचा बुंधा काळसर आणि मऊ. हलकं ओढल्यावर फुटवा सहज हातात आला, बुडाला पाणचट, घाण वास. कंदकूज. मूळ कारण तेच, निचरा. आतली भोकं मातीच्या बारीक गाळाने भरली होती आणि आठवडाभर पाऊस थांबला नव्हता.

एका बॅगेतली कंदकूज शेजारच्या बॅगेत पाण्याबरोबर जाते. बॅग त्याच दिवशी उचलून वेगळी केली. दोन्ही रोपं मातीसकट काढली, ती कंपोस्टमध्ये टाकलेली नाहीत. बाकी सगळ्या बॅगांना कॉपर ऑक्सिक्लोराईड (तांब्याचं बुरशीनाशक) ५ ग्रॅम एक लिटर पाण्यात, बॅगेमागे अर्धा लिटर, बुंध्याशी आळवणी, म्हणजे मुळांशी ओतणं. ट्रायकोडर्मा पुन्हा द्यायचा असेल तर तांब्याच्या आळवणीनंतर किमान पंधरा दिवस थांबावं.

पावसाळ्यात दर आठवड्याला बाजूची भोकं सळईने मोकळी करणं, हे एवढंच काम बाकीच्या अकरा बॅगांना पुरेसं ठरतं.

९ सप्टेंबर

दुसरी भरणी, पाच सेंटीमीटर. बॅग आता जवळपास काठापर्यंत.

फुलांचे दांडे आले, हिरव्या-पांढऱ्या पाकळ्यांतून पिवळी फुलं. काढायचे की ठेवायचे यावर मतं आहेत. इथे ठेवले. हळद त्रिगुणित आहे, बी धरत नाही, त्यामुळे बियांसाठी अन्न खर्च होण्याचा प्रश्न येत नाही. दांडा उपटताना बुंध्याला जखम होते आणि ओल्या हवेत ती जखम कुजीचं दार ठरते. मिळणाऱ्या फायद्यापेक्षा तो धोका मोठा वाटतो.

२ ऑक्टोबर. करपा

खालच्या पानांवर लंबगोल तपकिरी ठिपके, मधे राखाडी, भोवती पिवळी कड. सकाळी दव, दुपारी ऊन, असं हवामान करप्याला पोषक. डाग असलेली पानं देठापासून कापून जाळली. मग १ टक्का बोर्डो मिश्रण.

एक लिटरसाठी मोरचूद १० ग्रॅम अर्ध्या लिटर पाण्यात, कळीचा चुना १० ग्रॅम उरलेल्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही वेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत. धातूचं भांडं नको. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळायचं. रंग आकाशी यायला हवा. स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा त्यात मिनिटभर बुडवून बघायचा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळा आहे, पानं भाजतील, चुन्याची निवळी थोडी वाढवायची. खिळा स्वच्छ निघाला की फवारायला हरकत नाही. त्याच दिवशी वापरून संपवावं.

ऑक्टोबर-नोव्हेंबर

पाऊस गेला. पाणी दोन-तीन दिवसांआड, बॅगेला दोन लिटर. या काळात कंद फुगतो. दिवस उबदार, रात्री थंड, १८ ते २० अंशांपर्यंत उतरलेलं तापमान हळकुंड भरायला उत्तम. इथे पाण्याचा ताण पडला तर हळकुंडं सुरकुततात आणि वाळल्यावर उतारा घटतो. दोन गड्ड्यांच्या बॅगा लवकर कोरड्या पडतात, त्यांना एक फेरी जास्त.

५ जानेवारी

खालची पानं पिवळी पडून वाळू लागली. हे रोगाचं नाही, पक्वतेचं लक्षण. सगळी रोपं एकाच वेगाने, खालून वर वाळतात.

२० जानेवारी. पाणी बंद

काढणीआधी तीन आठवडे पाणी तोडलं. पाला पूर्ण वाळू दिला. हिरवा पाला असताना उकरलेली हळद उकडताना फिकी पडते आणि वाळताना जास्त आक्रसते. आतला पिठाचा भाग अजून भरलेला नसतो. आठवडाभराची घाई नऊ महिन्यांच्या मालाला महाग पडते.

७ फेब्रुवारी

पाला मातीलगत विळ्याने कापला. बॅगा तशाच कोरड्या ठेवल्या.

१२ फेब्रुवारी. काढणी आणि वर्गवारी

बॅग आडवी करून माती सैल केली आणि गड्डा अख्खा बाहेर काढला. खुरप्याने उकरलं तर हळकुंडं तुटतात. बॅगेचा हा एक मोठा फायदा, जखम जवळपास होत नाही.

वजन, माती झटकून:
एक गड्डा लावलेल्या सहा बॅगा, एकूण ५.७ किलो, म्हणजे बॅगेला सरासरी ९५० ग्रॅम.
दोन गड्डे लावलेल्या पाच बॅगा, एकूण ६.५ किलो, म्हणजे बॅगेला १.३ किलो.

वजन दोन गड्ड्यांना जास्त, पण हळकुंडं बोटाहून बारीक. एका गड्ड्याच्या बॅगेतली हळकुंडं जाड आणि सरळ. बेणं दुप्पट घालून माल दुप्पट होत नाही. याच आकाराच्या बॅगेत पुढे एकच जाड गड्डा लावणं फायद्याचं.

आता वर्गवारी, आणि यात टाळाटाळ करू नये. उकडणं, वाळणं, साठवणं या पुढच्या तिन्ही गोष्टी आकारावर ठरतात. जाड आणि बारीक एकत्र शिजवले तर बारीक फुटून निघतं तोवर जाड आतून कच्चंच असतं. ते कच्चं हळकुंड वाळताना ओल धरून बसतं आणि डब्यात सगळ्यात आधी त्यालाच बुरशी येते.

जेठे गड्डे वेगळे. बगल गड्डे वेगळे. हळकुंडं जाड आणि बारीक अशी दोन ढिगांत. लागवडीचा जुना गड्डा, म्हणजे सोरा गड्डा, काळपट आणि पोकळ झालेला असतो, तो हळद करायला घेऊ नये. बेण्यासाठी उत्तम गड्डे २.२ किलो बाजूला. सोरा गड्डे आणि इजा झालेले ०.६ किलो. उकडायला जेठे-बगल गड्डे १.८ किलो आणि हळकुंडं ७.६ किलो. पिलं लगडलेली काही लेकुरवाळी हळकुंडं मिळाली. ती शिजवायची असतील तर मोडून सुटी करावीत, सांध्यात माती अडकते.

१५ फेब्रुवारी. उकडणं

दोन दिवस उन्हात राहिल्यावर माती सुकून गळली. मुळांचे तंतू तोडले, पाण्याने धुतलं. साल सोलायची नाही.

हळद उकडायची ती चार कारणांसाठी. कंद मरतो आणि पुन्हा कोंब फुटत नाही. आतलं पीठ शिजून घट्ट होतं, त्यामुळे वाळलेलं हळकुंड टणक होतं. रंगाच्या पेशी फुटून कर्क्युमिन (हळदीचं पिवळं रंगद्रव्य) सगळीकडे सारखं पसरतं. आणि ओल लवकर निघते. न उकडता अख्खं हळकुंड वाळत घातलं तर महिन्याने देखील मधोमध ओल सापडते.

शेतावर पूर्वी काहिलीत पाण्यात बुडवून, वर हळदीचाच पाला आणि गोणपाट झाकून शिजवत. आता वाफेचे कुकर आहेत. घरी वाफच बरी, पाण्यात रंग उतरत नाही आणि सरपण कमी लागतं. मोठ्या पातेल्यात तीन लिटर पाणी, वर चाळणी, त्यावर एका वेळी दोन-अडीच किलो हळद, वर हळदीची चार-पाच वाळकी पानं आणि घट्ट झाकण. पाणी चाळणीला लागता कामा नये. प्रेशर कुकर वापरायचा तर शिट्टी काढून, नुसत्या वाफेवर. शिट्टीच्या दाबाखाली हळद काही मिनिटांत जास्त शिजते आणि नेमकी वेळ साधत नाही.

वाफ जोरात सुटल्यापासून वेळ मोजायची. बारीक हळकुंडं ४० मिनिटं, जाड ५० ते ५५, जेठे गड्डे सत्तरच्या आसपास. घड्याळावर विसंबू नये, शिजलं की नाही ते तीन खुणांनी कळतं. झाकण उघडताच पांढरी वाफ आणि हळदीचा विशिष्ट वास येतो, कच्चा मातकट वास गेलेला असतो. आगपेटीच्या काडीचं बोथट टोक हळकुंडात सहज शिरतं. आणि एक हळकुंड आडवं कापलं की काठापासून मध्यापर्यंत रंग एकच दिसतो. पहिल्या घाण्यातलं एक जाड हळकुंड ४५ मिनिटांनी कापलं तेव्हा बाहेर गडद नारिंगी आणि मधोमध चवलीएवढा (जुन्या दोन आण्यांच्या नाण्याएवढा) फिका, पिठाळ गोल होता. अजून दहा मिनिटं दिली आणि तो गोल नाहीसा झाला. साल फुटून गर बाहेर दिसू लागला तर जास्त झालं, अशा हळदीचा रंग वाळताना मळकट होतो.

सोडा, चुना, खार काहीही घालायचं नाही. अल्कधर्मी पाण्यात हळद लालसर, भडक दिसते म्हणून पूर्वी कुणी कुणी घालत. अल्कधर्मी पाण्यात कर्क्युमिनचा रंग बदलतो, आणि ते हळूहळू मोडतंही.

५०० ग्रॅम हळकुंडं न उकडता तीन मिलिमीटरच्या चकत्या करून वेगळी ठेवली, तुलनेसाठी.

१५ फेब्रुवारी ते २ मार्च. वाळवण

उकडलेली हळद गार होऊ दिली आणि त्याच दिवशी पसरली. रात्रभर पातेल्यात ठेवलेली हळद चिकट होते.

बांबूच्या चटईवर पाच सेंटीमीटर जाडीचा थर. थर इतका जाड का, असा प्रश्न येतोच. एकेरी थर पसरला तर प्रत्येक हळकुंडावर दिवसभर थेट ऊन पडतं, आणि कर्क्युमिन उजेडाने उडतं, साल फिकी पडते. पाच-सहा सेंटीमीटरच्या थरात वरची हळकुंडं खालच्यांना सावली देतात. त्याहून जाड केला की खाली हवा खेळत नाही. दिवसातून दोनदा हाताने खालीवर. गच्चीच्या फरशीवर थेट पसरू नये, फरशी तापते आणि खालची बाजू भाजते. शिवाय पहाटे तिला दहिवर सुटतं.

संध्याकाळी ढीग करून सुती कापड आणि त्यावर गोणपाट. प्लास्टिक किंवा ताडपत्री कधीही नाही, आतल्या वाफेचं पाणी होऊन पहाटेपर्यंत तुटलेल्या टोकांवर पांढरी बुरशी धरते. २१ तारखेला आभाळ आलं, चटया घरात पंख्याखाली आणल्या आणि थर पातळ केला. एकदा वाळत आलेली हळद भिजली तर तिच्यावर काळे डाग पडतात आणि ते पुन्हा जात नाहीत.

हळकुंडांचं वजन, सुरुवातीला ७.१ किलो:
१९ फेब्रुवारी, ४.३ किलो.
२३ फेब्रुवारी, २.४ किलो.
२७ फेब्रुवारी, १.६ किलो.
१ मार्च, १.५० किलो.
२ मार्च, १.४९ किलो.

लागोपाठ दोन दिवस वजन जवळपास तेच राहिलं की वाळवण पूर्ण. उतारा २१ टक्के, सेलमला साजेसा. जेठे गड्डे १.८ किलोचे ०.४ झाले, त्यांना चार दिवस जास्त लागले.

वजनाखेरीज दोन खात्र्या केल्या. हळकुंड मोडताना धातूसारखा टणत्कार यायला हवा. वाकून मग तुटलं तर आत ओल आहे. दुसरी, मिठाची. कोरड्या काचेच्या बाटलीत तव्यावर भाजून गार केलेलं मीठ दोन चमचे आणि पाच-सहा हळकुंडं घालून झाकण घट्ट लावायचं. दुसऱ्या दिवशी बाटली हलवली की मीठ सुटं वाहिलं पाहिजे. काचेला चिकटलं किंवा गुठळी झाली तर हळद परत उन्हात. १ मार्चला जाड हळकुंडांच्या बाटलीत मीठ चिकटलं होतं, बारीकच्या बाटलीत नव्हतं. वर्गवारी केली नसती तर दोन्ही एकाच डब्यात गेली असती.

चकत्या पाच दिवसांत वाळल्या, १०५ ग्रॅम. पण वास मंद. कापलेल्या प्रत्येक पृष्ठभागातून सुगंधी तेल उडतं, आणि रंगही जागोजागी फिका-गडद. जिथे ऊन कमी आणि हवा दमट, तिथे चकत्यांशिवाय गत्यंतर नसतं हे मान्य. कोरड्या उन्हाचा फेब्रुवारी हाताशी असताना अख्खं हळकुंड उकडावं.

४ मार्च. पॉलिश

हळकुंडं गोणपाटाच्या पिशवीत घालून दोघांनी टोकं धरून दहा-बारा मिनिटं घासली, मग चाळली. मुळांचे अवशेष, खवले आणि उरलीसुरली माती निघते. वजन थोडं घटतं. चकाकीसाठी वरून हळदपूड किंवा रंग चोळायचं काही कारण नाही.

५ मार्च. साठवण

दळून न ठेवता हळकुंडं अख्खी ठेवली. पूड केली की पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो, रंग आणि तेल दोन्ही झपाट्याने कमी होतात. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद जमिनीतल्या पेवांत साठवायचे, वर्षानुवर्षं. बंद पेवात प्राणवायू उरत नाही, त्यामुळे किडीला जगता येत नाही. घरी तेच तत्त्व: काचेची बरणी, काठापर्यंत भरलेली, झाकण घट्ट, कपाटाच्या अंधारात. अर्धी रिकामी बरणी म्हणजे अर्धी हवा.

हळदीला तंबाखूच्या भुंग्याची खोड आहे, लहान, तांबूस, गोलसर कीड. हळकुंडावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि तळाशी पिवळी भुकटी दिसली की समजावं. बरणी भरण्याआधी हळकुंडं हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवली, अंडी असतील तर मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. आतली हळद खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबावं, नाहीतर हवेतली ओल थेट हळकुंडांवर बसते.

बेण्याचे २.२ किलो गड्डे वाळक्या हळदीच्या पाल्यात, सावलीत, जमिनीपासून वर उचललेल्या बांबूच्या टोपलीत. पंधरवड्याला एकदा चाळवून मऊ पडलेले काढायचे.

१२ मार्च. दळण

२०० ग्रॅम हळकुंडं खलबत्त्यात आधी वाटाण्याएवढी फोडली. अख्खं हळकुंड मिक्सरमध्ये टाकलं तर पातं बोथट होतं आणि प्लास्टिकचं भांडं तडकतं. मिक्सर २० सेकंद चालू, मग मिनिटभर बंद. भांड्याला हात लावून कोमट लागलं की थांबायचं, तापलेल्या पुडीचा वास उडतो. मैद्याच्या चाळणीने चाळून वरचा भरडा पुन्हा फिरवला. पूड ताटात पसरून पूर्ण गार केली आणि मगच बाटलीत भरली. दोन महिन्यांना पुरेल एवढीच दळायची, बाकी हळकुंडं बरणीतच.